पोथीतले चौकोन

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यात शाळा सगळी हिंदीत. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण देवासला आमच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या काकांइतका हट्टी आणि इतका मऊ माणूस साऱ्या माळव्यात नसेल, आणि त्यांच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

काका कारखान्यात मशीनदुरुस्तीला होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं. ते आतून उघडून बघता येतं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. बंद झाकणाचा त्यांना मनापासून राग. घरातलं घड्याळ, मिक्सर, काकूंचं शिलाई मशीन, सगळं एकदा तरी उघडून झालेलं. काकू म्हणायच्या, "आता माझं डोकं तेवढं राहिलंय." काका गंभीरपणे म्हणायचे, "त्याचे स्क्रू सापडत नाहीत."

धारला त्यांची थोरली बहीण, आक्का. तिची नजर मंदावत चालली होती, रोजच्या पोथीची अक्षरं लागेनाशी झाली होती. म्हणून काकांनी दोन बोटांनी अख्खी पोथी टाइप केली, एकेक अक्षर बोराएवढं. स्क्रीनवर सुंदर दिसायचं. प्रिंटरमधून निघालेल्या कागदावर मात्र जोडाक्षर आलं की तिथं रिकामा चौकोन!

मी म्हटलं, "काका, पेननं भरून टाकू."

"नाही रे भिया. आक्का पोथीतलं एक अक्षर गाळत नाही. आणि माझं हस्ताक्षर मलाच लागत नाही, तिला काय लागणार?"

मग दुरुस्ती सुरू झाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, हा कारखान्यातला नियम. केबल बदलली, चौकोन. शाई बदलली, चौकोन. फॉन्ट बदलला, तर चौकोन राहिलेच, वर वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. पान बाहेर येऊ लागलं की काका प्रिंटरवर हात ठेवून म्हणायचे, "आ जा बेटा, इस बार सही आ जा." शेवटी आम्ही दोघांनी डिक्शनरी घेऊन परदेशातल्या लिनक्सवाल्यांना इंग्रजीत ईमेल लिहिली. सुरुवातच अशी: आदरणीय महोदय, माझ्या बहिणीची नजर जात आहे.

इकडे आक्काचा दर आठवड्याला फोन. "झालं का रे? घाई कर, आता दारातला माणूस मी आवाजावरून ओळखते."

उत्तर यायच्या आत मला नोकरीसाठी पुण्याला यावं लागलं. विचारायचं धाडस मला बरेच दिवस झालं नाही. परवा बाबांनीच फोनवर सांगितलं. उत्तर आलं होतं. प्रिंटर काकांनी निवडलेला फॉन्ट बाजूला ठेवून स्वतःचाच वापरत होता; मजकुरासोबत फॉन्टही फाइलमध्येच भरून पाठवायचा होता. काकांनी तसं केलं आणि सगळी पानं स्वच्छ आली. सकाळच्या पहिल्या बसनं ते धारला गेले.

आक्कानं पानं डोळ्यांशी नेली, मग खिडकीकडे धरली. शेवटी त्यांवर तळहात फिरवून म्हणाली, "कागद छान आहे रे."

काकांनी पानं हातात घेतली. तिच्याजवळ बसून वाचायला लागले. आता दर शनिवारी जातात.