उलटं काढलेलं वलय

धारच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला मी देवासहून बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. ती मुलगी समोर येऊन म्हणाली, "नमस्कार, काका." तिच्या वडिलांची माझी ओळख होती. इकडे माळव्यात आम्ही मराठी घरं थोडी, त्यामुळे एकमेकांचं कार्य कुणी चुकवत नाही. शेजारी बसलेले तिथले प्राध्यापक हसले. "क्यों भिया, घर की बच्ची है? फिर तो पास ही समझो."

मला ते झोंबलं.

सकाळी तिचा प्रयोग फसला होता. आता तोंडी परीक्षेवरच ती तरणार होती. मी मुद्दाम हिंदीत म्हटलं, "ग्लूकोज़ की रिंग बनाओ."

तिनं षटकोन काढला, पण ऑक्सिजन वरच्या कोपऱ्यात न घेता खालच्या कोपऱ्यात घेतला. त्याबरोबर वर असायचे ते अणूंचे गट खाली आले आणि खालचे वर गेले.

"ये क्या है? शीर्षासन?" मी तो कागद रांगेतल्या मुलांकडे फिरवला. सगळे हसले.

ती पुटपुटली, "काका, मी वलय उलटं धरून..."

"यहाँ कोई काका नहीं है. जाओ."

मी शून्य लिहिलं.

संध्याकाळी गुणपत्रक भरताना तो कागद पुन्हा हातात आला. थाळी पालथी घालावी तसं ते वलय मी मनात पालथं घातलं. अणू न् अणू जागेवर बसला. ग्लुकोजच होतं ते. आपण शिकवतो त्यापेक्षा तिला जास्त कळलं होतं.

गुणपत्रकाचा लिफाफा अजून उघडाच होता.

"तो घर की बच्ची को कितने दिए?" प्राध्यापकांनी विचारलं.

"शून्य."

"मान गए, भिया!"

मी लिफाफ्याला डिंक लावला आणि सही केली. त्यांच्या त्या शाबासकीनं मला बरं वाटलं, हे आज कबूल करतो.

काही महिन्यांनी एका मुंजीत तिचे वडील भेटले. पंगतीत माझ्याजवळ वाकून म्हणाले, "तुम्ही आपलं-परकं केलं नाहीत, फार बरं झालं. आमची हट्टाला पेटली होती, उत्तर बरोबरच होतं म्हणून. मी म्हटलं, काकांनी शून्य दिलं म्हणजे तुझी लायकी तेवढीच. कॉलेज बंद केलं तिचं."

समोरच्या पंगतीत ती मीठ वाढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. वडिलांना खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "योग्य केलंत."

त्यांनी माझ्या पानात आग्रहानं आणखी श्रीखंड वाढलं. मी ते संपवलं.