शालूच्या घडीतली वायर

डांबरगोळ्यांचा वास आला की मला अनगोळातला, घराखालचा आमचा फोटो स्टुडिओ आठवतो. लग्नांचे व्हिडिओ ठेवायला आम्ही नवी स्टोरेजची पेटी घेतली होती, सगळ्या कॉम्प्युटरांना जोडलेली. एका नव्या नवरीला दुपारी सांबऱ्याहून विमान गाठायचं होतं. लग्नाचा व्हिडिओ सोबत न्यायचा म्हणून ती बॅगा घेऊन बसलेली, आणि कॉपी मुंगीच्या पावलांनी चाललेली. माझ्या सुनेनं पेटी बंद-चालू केली, कॉम्प्युटर बदलून पाहिला. मी, तेव्हाची पन्नाशीतली शहाणी, म्हणाले, "तुझ्या हातालाच वेग न्हाय गं." ती टेबलाखाली वाकली. "आत्या, ही तर आपली जुनीच वायर! पेटीबरोबर आलेली नवी कुठाय?" "वर कपाटात, शालूच्या घडीत. जुनी चालतीय की, नवी कशाला मळवायची?" "जुनीतनं एवढाच वेग येतोय. आणा ती हिकडं." डांबरगोळ्यांच्या वासाची ती नवी वायर लावली आणि तासांचं काम मिनिटांत उरकलं. नवरीनं जाताना वाकून नमस्कार केला तो मला, "काकू, तुमच्यामुळं झालं बघा." मीही तोंडभर आशीर्वाद दिला. तो नमस्कार सुनेच्या हक्काचा होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. आता नातवंडं झाली, पण मी तो अजून तिच्या हवाली केलेला नाही.