मामाजींचे काजवे

आमचे मामाजी कोणत्याही चित्राचे डोळे शेवटी काढायचे. लग्नघराच्या भिंतीवरचा हत्ती चार-चार दिवस आंधळा उभा असे आणि यजमान चिडत. "डोये आधी काढले का चित्र आपल्याकडेच पाहात राह्यते, मंग माहा हात चालत नाही," असं ते सांगायचे. मामाजी म्हणजे माझे सासरे. अमरावतीत त्यांना सगळे चितारीबुवा म्हणत.

रंगांच्या बाबतीत भारी कडक. पिवळ्यासाठी हरताळ, पांढऱ्यासाठी खडी. चुना फक्त भिंतीला हात द्यायला. मडक्यांच्या जागा ठरलेल्या. एकदा मी त्या बदलल्या, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. कोणाचं अडलं होतं?

समुद्रापलीकडे कुठेसं युद्ध लागलं आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, त्या वर्षांतली गोष्ट. माझ्या नवऱ्याने कुंचला ठेवला आणि कापसाच्या गाड्या हाकू लागला. मामाजी एवढंच म्हणाले, "जाय. कंटाळला का येजो." अकोल्याच्या वाटेवर कोणाच्या तरी चिलमीची ठिणगी गाडीत पडली. घरी जे आणलं ते मला बघू दिलं नाही.

मी रडले नाही. मामाजीही नाहीत. बाया मला दगड म्हणाल्या, त्यात खोटं काही नव्हतं. भाकरी भाजताना बोट पोळलं तरी मला बराच वेळ कळायचं नाही.

तेरावं झालं आणि मामाजींनी मागच्या खोलीची भिंत काजळीने काळी केली. आमच्या लग्नाआधी बापलेक डिंक आणायला मेळघाटात गेले होते. तिथे एका झाडावर हजारो काजवे एकदम पेटत आणि एकदम विझत. नवरा मला हे दहादा सांगायचा आणि दर वेळी म्हणायचा, "तुले दाखवतो एकदा." ते राहून गेलं.

"त्यानं तुले दाखवाचं होतं ना," मामाजी म्हणाले, "आता मी दाखवतो."

महिनोन्महिने ते एकेक पान काढत राहिले. झाड भरलं, फांद्या भरल्या. काजवे मात्र नाहीत.

"मामाजी, काजवे कवा?"

"शेवटी."

यांना हे चित्र संपवायचंच नाही, असं मला वाटू लागलं होतं. पण एका सकाळी ते उठले आणि म्हणाले, "आज." हरताळ संपली होती. "हयद आन. खडीत कालवली का चालते."

त्याच सकाळी मी खोली सारवली होती आणि मडकी परत ठेवताना चुकून खडीच्या जागी चुना ठेवला होता. मी हळद देऊन विहिरीवर गेले, धुणं-पाणी आटोपून आले तोवर मामाजींनी ती कालवूनही टाकली होती. चुन्यात हळद पडली की काय होतं, हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? अख्ख्या झाडावर लालभडक ठिपके होते आणि मामाजी सावकाश, निगुतीने पुढचा ठिपका देत होते. तेव्हा मला कळलं. मामाजी कधीपासूनचे रंग डोळ्यांनी नाही, मडक्याच्या जागेवरून ओळखत होते.

"दिसून राहिले काय काजवे?" त्यांनी विचारलं.

"हो मामाजी."

"असेच होते," ते म्हणाले. "तोई असाच गप उभा राहून पाहे."

त्यानंतर त्यांनी कुंचला धुऊन खुंटीला टांगला, तो कायमचा. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. भिंतीवरचे ठिपकेही हळूहळू उडाले. नुसतं काळं झाड राहिलं.

त्या दिवशीची एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. त्या लाल रंगाची वाटी उचलताना माझं बोट तिच्यात बुडालं आणि जुन्या सवयीने कपाळाकडे गेलं. अर्ध्या वाटेवर मला आठवलं. मामाजी समोरच बसले होते, तोंड माझ्याकडे करून. मी कुंकू लावलं, तशीच पदर सावरून त्यांच्या शेजारी बसले, आणि आवाज न करता, नवरा गेल्यावर पहिल्यांदा, रडले.