उदारामचा उजवा डोळा

माघातलं धुकं असं दाट पडलं होतं, की तलावाची पाळ कुठं संपते अन् आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. उदाराम गारठलेल्या चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटत होता. उन्हाळी धानाची रोवणी उद्यावर आली होती. एक जुडी बांधून झाली की तो मान वर करी, डावा डोळा मिटून उजव्यानं प्रतापगडचा डोंगर शोधी, मग दोन्ही उघडून शोधी. डोंगर कशानंच दिसत नव्हता, आणि त्याला त्याचंच मोठं समाधान वाटत होतं.

"धुकं आहे, कोनालेच नाई दिसत," बाजूला उपटणारी त्याची बायको निर्मला म्हणाली. "तुमी कायले घडोघडी डोरा मिटून राह्यले? पल्याडच्या बाया हासून राह्यल्या."

उदारामला पाचवीपासून चष्मा. तो रोवणीत घामानं घसरायचा, चिखलणीत पडायचा. एक तर ट्रॅक्टरच्या चाकाखाली जाऊन शेतातच पुरला गेला होता. शेवटी अडतिसाव्या वर्षी, मार्गशीर्षात, नागपूरला जाऊन त्यानं लेझर करून घेतलं. आला तो आठ दिवस फाट्यावरच उभा. एसटी वळणावर दिसली रे दिसली की पाटी वाचून दाखवायचा. कुणी विचारलेलं नसायचं.

त्यानं सांगितलं नाही ते एवढंच, की डावा डोळा धुतलेल्या काचेसारखा झाला होता आणि उजवा मात्र प्रत्येक वस्तूला सावली जोडून दाखवत होता. उजव्यानं पाहिलं की दारातली कोंबडी दीड दिसायची. डॉक्टरनं आधीच बजावलं होतं, दोन्ही डोळे एका दिवशी बरे होत नसतात, थेंब टाका, तीन महिने थांबा, सारखे ताडून पाहू नका. थेंब तो नेमानं टाकत होता.

पण गावात उदारामचं नाव होतं ते डोळ्याचंच. तलाव बांधणाऱ्यांच्या घराण्यातला माणूस. पुरानं दोन शेतांमधला मातीचा धुरा वाहून गेला, की लोक त्यालाच बोलवायचे. दोरी ताणली तर ती कुणी धरायची यावरूनच भांडण व्हायचं. उदाराम या टोकाच्या दगडाशी बसायचा, डावा डोळा मिटून उजव्यानं त्या टोकाची काठी नजरेत धरायचा आणि मधल्या काठ्या हाताच्या इशाऱ्यानं रोवून घ्यायचा. मग कुणी ब्र काढायचं नाही.

मागल्या आठवड्यात मनिराम आणि धुरपताबाई यांच्या शेतांमधला, पावसाळ्यात वाहून गेलेला धुरा त्यानं असाच घालून दिला होता. आज धुक्यातून धुरपताबाईच आली. पासष्टीची विधवा बाई, हातात काठी, चाल मात्र तरण्या बैलाची.

"उदाराम, चाल. तुहा धुरा माह्या बांदीत पाहुना आला आहे."

"काऊन काकी?"

"गोट्याजवर जाऊन वाकला. आमच्या गावात धुऱ्याले कंबर नाई राहत."

"पानी तिकडं वरते न, म्हनून जरासा..."

"पानी वरते, मले मालूम आहे. धुरा कायले वरल?"

धुरा वळला होता खरा. काठ्या त्या टोकाच्या दगडापासून दीड हात चुकल्या, तेव्हा उदारामनंच शेवटचा तुकडा वाकवून गुपचूप दगडाला टेकवला होता.

दोघं पोचले तेव्हा मनिराम तंबाखूचा खर्रा चघळत धुऱ्यावर उकिडवा बसलेला. दीड हात जागा त्याच्याकडे आली होती, म्हणून त्याचा उदारामवर फार विश्वास होता. "काकी, उदारामभाऊनं पाह्यलं तं बराबरच राहील. नागपूरचे डोरे होत बापा."

उदाराम या टोकाच्या दगडाशी बसला. नुसती मान हलवली असती तर काम भागत होतं. नाव राहिलं असतं, आणि काकी बडबडत घरी गेली असती. धुकं विरळ झालं होतं. त्यानं डावा डोळा मिटला. त्या टोकाला दोन काठ्या.

"मनिराम," तो खाली पाहत म्हणाला, "उजव्या डोऱ्यानं मले ते काठी दोन दिसते. डाक्टर म्हने, बरा व्हाले तीन महिने लागतीन."

मनिराम चघळायचा थांबला.

"मंग तू कोनती धरली?" धुरपताबाईनं विचारलं.

"तुमच्याकडची."

"माह्याकडचीच काऊन? त्याच्याकडची धराची होती, मी बोलली नसती."

मग डाव्यानं पाहायचं ठरलं, तर उदारामला नुसता उजवा मिटताच येईना. उजवा मिटला की डावाही त्याच्यामागं जाई. तोंड वाकडं करून तीनदा पाहिलं. शेवटी धुरपताबाईनं त्याच्याच खांद्यावरचा दुपट्टा काढून उजव्या डोळ्यावर आवळून बांधला.

"आता डाकू दिसून राह्यला," मनिराम म्हणाला.

"गप बस. काठी उचल."

डाव्या डोळ्याला काठी एकच दिसली. उदारामचा हात हलत गेला, मनिरामची काठी सरकत गेली, एक वीत, एक हात, दीड हात. मनिरामचं तोंडही तेवढंच उतरलं.

"डोरा खोटा नाई म्हनत मी," तो म्हणाला, "पन तो दुसरा बरा होता."

धुरपताबाईनं रेघ दोन्हीकडून न्याहाळली. "उदाराम, माह्या दुसऱ्या बांदीच्या धुऱ्यालेही तुलेच बलावीन मी. पन तीन महिने होयेपर्यंत हे पट्टी बांधूनच येजो. नाई तं बांदीत पाय ठेवू नाई देत."

"येतो काकी."

मनिरामचं फावडं मागून घेऊन त्यानं वाकडा धुरा एकट्यानंच फोडला आणि नव्या रेघेवर थापला. उन्हं चढल्यावर तो पऱ्ह्यांत परतला. निर्मलानं पट्टीकडे पाहिलं आणि बाजूला सरकून त्याला जागा दिली. अर्धा वाफा उपटायचा राहिला होता. उदारामनं चिखलातून मूठभर पऱ्हे उपटले, मुळं पाण्यात आपटून धुतली आणि जुडी बांधायला घेतली.