वेशीसमोरची मोटार

निजामाच्या राज्यात मोटारीच्या टपावर कुरडया वाळत घालणारी बाई एकच झाली, ती मी. आणि दाराशी मोटार असून तिच्यातून कुठंही न जाणारा माणूसही एकच, ते आमचे चुलतसासरे; त्यांना मी मामंजीच म्हणे. कुंभार पिंपळगावात मोठ्या हौसेनं मोटार आणली, अन् लढाईपायी पेट्रोल मिळेनासं झालं. घरामागं ऐसपैस गोठा होता, पण तिथं मोटार ठेवायची म्हणजे त्यांना लेक अंधारात कोंडल्यासारखं वाटे. म्हणून ती घरापुढं, वेशीसमोर, भर रस्त्यात उभी. मामंजी सकाळी जाकीट-पागोटं चढवून तिच्यात जाऊन बसत. चहा तिथंच, अडकित्ता तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्याचे रामराम तिथूनच, अन् न्याहारीनंतरची डुलकीही मागच्या गादीवर.

अडचण एवढीच, की बाजारच्या दिवशी त्याच जागी एक म्हातारी घोंगड्या विकायला बसायची. तिच्या आधी तिची सासूही तिथंच बसायची. आता तिला मडक्यांच्या उतरंडीमागं बसावं लागे, अन् तिकडं गिऱ्हाईक फिरकत नसे. दर बाजारी भांडण ठरलेलं.

"मालक, एक घोंगडी खपून न्हाई राह्यली. रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?"

"रस्ता सरकारचा. सरकारला सारा कोण भरतं? मी. मंग एवढा तुकडा माझा, बराबर?"

"सारा वावराचा भरता का रस्त्याचा?"

यावर मामंजी काच वर करून घेत.

मी नवी सून, अक्कल बेताची. मला वाटलं, हलत नाही, तापते चांगली, म्हणजे हा ओटाच! नाकापर्यंत पदर, आत झोपलेले सासरे दिसणार कुठून? बाजारच्याच दिवशी टपावर धोतर अंथरून कुरडया मांडल्या. घटकाभरात म्हातारीच्या शेळ्या वर चढल्या. खुरांचा ताशा वाजू लागला तसे मामंजी "भूकंप, भूकंप!" ओरडत बाहेर पडले, अन् शेळ्यांपासून मोटार वाचवायला हँडल मारून, कुरडया उधळत जे निघाले ते शहागडच्या वाटेला. टाकीच्या तळाशी उरलेलं पेट्रोल ओढ्यापाशी संपलं.

दिवस कलता कलता बैल जुंपून मोटार ओढत आणली. तोवर म्हातारी आपल्या जागेवर ऐसपैस मांडून बसली होती. सात घोंगड्या खपल्याही होत्या. सारा बाजार बघत थांबला.

"ऊठ मावशे! बैल थांबव रे!" मामंजी गरजले.

गड्यानं कासरा ओढला, पण त्या वेळी बैलांना एकच वाट ठाऊक. म्हातारीला वळसा घालून ते मोटार अन् मालकासकट थेट गोठ्यात शिरले आणि दावणीपाशी उभे राहिले. बाजार एवढा हसला, की शेवटी मामंजींनाही हसू फुटलं. पुन्हा मोटार बाहेर काढायचं नाव त्यांनी घेतलं नाही.

सुनेला काही सांगायचं तर ते सासूबाईंकरवी सांगत. माझ्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते. पुढच्या बाजारी मी गोठ्यात चहा घेऊन गेले. जाकीट-पागोटं घालून मोटारीत एकटेच बसलेले, बाजूला गाय रवंथ करतेय. वेशीकडून म्हातारीचा गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारा आवाज येत होता. कप हातात धरून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग पहिल्यांदाच थेट मला म्हणाले, "पोरी, जागा झकास हाय. पण हितं भांडायला कुणी येत न्हाई."