टरबुजांची शाळा

मागच्या आठवड्यात आम्ही तिघं तापीच्या वाळूत राहून आलो. प्रकाशा गावाच्या अलीकडे माझ्या मेव्हण्याने नदीच्या पात्रात टरबुजांची वाडी लावली आहे... तिथे, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, पळाट्यांच्या खोपीत.

खरं तर मला धुळ्याला जायचं होतं, डॉक्टरकडे. आमची यमू पाच वर्षांची. दिवाळीपासून ती माझ्यासमोर बोलेनाशी झाली होती. काही विचारलं की मान हलवायची, फार विचारलं की आईच्या पदरात तोंड खुपसायची. आईशी कुजबुजते, असं तिची आई सांगे, पण माझ्या कानावर काहीच येत नव्हतं. आवाजच बसत चालला असेल का... मला झोप लागत नसे.

मी नंदुरबारला कापसाच्या जिनात काट्यावर कारकून आहे. वडील गेल्यामुळे शाळेच्या फायनल परीक्षेला बसता आलं नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हेडक्लार्कना म्हणालो, 'वजन बरोबर शे.' सगळं ऑफिस माझ्या अहिराणीला हसलं. तेव्हापासून मला तिथे शेराव म्हणतात.

मुलीला कोणी असं हसू नये, एवढंच माझ्या मनात होतं. म्हणून घरात मी शुद्ध बोलण्याचा नियम केला. यमू 'शे' म्हणाली की मी 'आहे' म्हणायचो, आणि तिच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायचो. रागावून नाही हं... अगदी शांतपणे. पण प्रत्येक वेळी.

धुळ्याआधी चार दिवस माझ्या भावाकडे जाऊ, असं यमूची आई धरून बसली. मी उकळलेलं पाणी, कापूर, विंचवाचं औषध, सगळं बांधून घेतलं. आम्ही बैलगाडीतून उतरताना मेव्हण्याने ते गाठोडं पाहिलं आणि विचारलं, पाव्हणं, दवाखाना टाकतस का काय आठे?

पहिल्या संध्याकाळी मी त्याला यमूचं सांगितलं. तो भाकरीवर ठेचा घेत होता. घास चावून झाल्यावर म्हणाला, "पोरले काय व्हयेल नही, पाव्हणं. तुमना घरमा मास्तर जास्ती शे."

मला ते लागलं.

पण तिथे बरं वाटत होतं, हे खरं. वाळूत हाताने खड्डा केला की गार पाणी झिरपून वर यायचं. यमू दिवसभर वेलांमधून हिंडायची. मी मागे मागे... काटा आहे, ऊन आहे, पाण्याकडे नको. ती मान हलवायची आणि आणखी लांब जायची.

निघायच्या आदल्या दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा मेव्हणा खोपीत घोरत होता, यमूची आई धुणं घेऊन गेली होती, आणि यमू कुठेच नव्हती. समोर नदी. मी अनवाणीच धावत सुटलो, तापलेल्या वाळूचंही भान नव्हतं...

आणि खोपीच्या मागून आवाज आला. खणखणीत. स्वच्छ.

सावलीत वाडीतली टाकून दिलेली बारकी टरबुजं यमूने ओळीने मांडली होती. हातात पळाटी होती. "सरळ बसा. शे नाही, आहे. पुन्हा म्हण. आ... हे." शब्द माझे होते. मध्येच घसा खाकरणंही माझंच.

आधी मला आनंदच झाला. जिभेत दोष नाही, आवाज बसलेला नाही. मी देवाला हात जोडले.

मग तिने सगळ्यांत लहान टरबूज उचलून मांडीवर घेतलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याला हळूच म्हणाली, "तू बोलूच नको. बोलनं का चुकी जास. उगी ऱ्हाय."

धुळ्याच्या कुठल्या डॉक्टरने मला हे सांगितलं असतं...

मी जाऊन त्या ओळीच्या शेवटी मांडी घालून बसलो. मला पाहताच तिचं तोंड मिटलं, पळाटी खाली पडली. मी हाताची घडी घातली आणि म्हणालो, "मास्तर, मी बी टरबूज शे."

ती कितीतरी वेळ बघत राहिली. मी तिला हसलो नाही, घाईही केली नाही. मग तिने तोंडावर हात ठेवला. "आबा, तुम्ही चुकनात."

"हो मास्तर, मी चुकनू."

तिने जरा विचार केला. जवळ आली, माझ्या डोक्यावरची वाळू झटकली आणि म्हणाली, "जाऊ द्या. आते सुट्टी शे."

धुळ्याला जाणं राहिलं. परतीच्या वाटेवर यमू बोलत होती... बैलांशी, आईशी, मांडीवरच्या त्या लहान टरबुजाशी, आणि माझ्याशी. मेव्हण्याने गाडीत टाकलेली मोठी टरबुजं आम्ही गल्लीत वाटली. लहान कापायचं नाही, अशी मला ताकीद आहे.

जुनी सवय, तिच्या चुका अजून कानाला टोचतात. पण आता मी त्या मनातल्या मनातच टिपतो... आणि प्रत्येक चुकीला देवाचे आभार मानतो.