समुद्राचा ताण

भिंगारच्या मॅडम नसत्या, तर माझ्या बहिणीच्या लग्नात नवऱ्या मुलाचा कान दुसऱ्याच कुणीतरी पिळला असता. हे आधीच सांगून टाकतो. बाकीचं सांगताना मी भरकटतो आणि आभार राहून जातात.

मी जहाजावर स्वयंपाकी आहे. मुख्य नव्हे, दुसरा. आठवीला शाळा सुटली, नगर जिल्ह्यातल्या काष्टीजवळच्या एका ढाब्यावर भाकरी थापायला लागलो आणि एकातून एक काम निघत आता दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाच्या समुद्रात शास्त्रज्ञ मंडळींना वरणभात वाढतो. स्वभाव मूळचा काळजीचा. शेगडी बंद केली का ते परत परत बघतो. झोपण्याआधी लाइफ जॅकेटला हात लावून घेतो, मगच डोळा लागतो.

मॅडम त्या शास्त्रज्ञांपैकी एक. वडील नगरजवळच्या भिंगारला लष्कराच्या कचेरीत नोकरीला, त्यामुळे क्वार्टरमध्ये वाढलेल्या. पहिल्याच दिवशी मी ताट पुढं करून म्हणालो, "भाकरी हाय, घेता का?" त्यांनी झटकन मान वर केली. "नगरचा का रे तू?" बास. तेव्हापासून रोज संध्याकाळी आल्याचा चहा प्यायला त्या आमच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, हजर.

बहिणीचं लग्न माघात ठरलं होतं. माझ्या हिशोबानं तोवर मी घरी. मी एकुलता भाऊ, त्यामुळे मांडवात नवरदेवाचा कान पिळायचा मान माझा. बहिणीनं तर मी निघायच्या आधीच बजावलं होतं, "जोरात पीळ. आयुष्यभर लक्षात राहिला पाहिजे."

पण समुद्रावरचं बर्फ हलेना.

"यंदा बहर उशिरा आहे," मॅडम चहा फुंकत म्हणाल्या. "तो मोजायलाच तर आलोय, तेव्हा मुक्काम वाढणार आपला."

"कशाचा बहर?"

"समुद्राचा. पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती असतात, त्यांना प्लवक म्हणतात. ऊन मिळालं की त्या इतक्या वाढतात की पाणी हिरवं होतं. इथले झिंगे त्यावर जगतात, झिंग्यांवर पेंग्विन आणि देवमासे. सगळी पंगत त्या हिरव्यावर."

"मग ऊन तर आहे की. मावळतसुद्धा नाही."

त्यांनी माझ्या आमटीच्या पातेल्याकडे बोट केलं. "वर तर्री आहे ना? तसं बर्फ वितळलं की त्याचं गोडं, हलकं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. प्लवक त्या तर्रीत उन्हाला राहतं आणि वाढतं. वारा सुटला की समज कुणीतरी पळी फिरवली. गेलं सगळं खाली, अंधारात. म्हणून बर्फ कधी निघतं आणि वारा कधी थांबतो, त्यावर बहर ठरतो. एके वर्षी आम्ही पोचलो तेव्हा बहर होऊन गेला होता. मांडव उतरवून मंडळी घरी गेलेली."

मला सगळं पटलं. घरी पटवायचं राहिलं होतं.

घरी फोन लावला. "आण्णा, जहाज थांबलंय. समुद्राला बहार यायचा बाकी हाय."

पलीकडून वडिलांचा आवाज. "पोरा, कधीपास्नं प्यायला लागला?"

"न्हाई ओ आण्णा, खरंच! बहार आल्याबिगर जहाज हलनार न्हाई."

"बहार धरायचाय तर मंग पानी तोडा की! ताण द्या!"

आमची लिंबोणीची बाग आहे. झाडाला फूल हवं असेल तर आधी त्याचं पाणी बंद करतात. पानं पिवळी पडतात, गळतात. त्याला आमच्याकडे ताण म्हणतात. मग पाणी सोडून ताण तोडला की झाड कळ्यांनी भरतं. मधेच परतीचा पाऊस आला की सगळा ताण मोडतो आणि बहार हुकतो. आण्णांचा सल्ला अगदी बरोबर होता. फक्त समुद्राला लागू करायची पंचाईत होती.

"समुद्राचं पानी कसं तोडू, आण्णा?"

"मंग कशाला थांबला तिथं? घरी ये!"

मागून बहीण ओरडली, "मोबाईलवरनं पिळनार का कान?" फोन कट झाला. इथून काष्टीला एसटी नाही हे सांगायचंच राहिलं.

त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. लग्न माझ्याशिवाय उरकतील आणि वर मी दारुडा झालो असं गावभर होईल, एवढंच डोक्यात. मॅडमनी पहिलाच घास घेतला आणि उठून गॅलीत आल्या. मी सगळं सांगितलं. आधी त्या पोट धरून हसल्या. मग एकदम थांबल्या.

"ताण म्हणजे? मला परीक्षेचाच ताण माहीत."

मी लिंबोणीचा ताण समजावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या वाट्याच्या वेळात सॅटेलाइट फोन उचलला, मला शेजारी उभं केलं, नंबर विचारला आणि स्पीकर लावला.

"नमस्कार आण्णा. मी भिंगारची, तुमच्या मुलाच्या जहाजावर असते. तो पीत नाही हो. चहासुद्धा अर्धा कप."

"बरं," आण्णा सावधपणे म्हणाले.

"आमचा समुद्र ताणावर आहे. पाण्याच्या नाही, उन्हाच्या. हिवाळाभर इथं अंधार, वरून बर्फाचं झाकण. आता ऊन आलंय, पण झाकण निघेना. ते निघालं की ताण तुटणार."

"आस्सं!" आण्णांचा आवाज बदलला. "मंग दरसाल येकाच टायमाला न्हाई तुटत?"

"नाही ना. कधी लवकर, कधी उशिरा. बर्फाच्या कडेला आधी, आत नंतर."

"आमच्यातबी बांधाकडची झाडं आदी फुटत्यात." मग थोडं थांबून, "आन् तुमी बगायला नसला तर?"

"मग या वर्षी काय झालं ते कुणालाच कळणार नाही."

"मंग मदीच सोडून कसं यायचं? कळी धरायच्या वक्ताला बाग सोडून कोन जातं का? त्याला म्हनावं थांब. लग्नाचं मी बगतो."

मी गॅलीत जाऊन चहा टाकला आणि त्या दिवशी पूर्ण कप प्यायलो.

नवऱ्या मुलाकडचे डाळिंबवाले, त्यांच्याही बागेला ताण देऊनच बहार धरतात. आण्णा स्वतः गेले आणि म्हणाले, पोरगा बहारावर अडकलाय. डाळिंबवाल्याला याहून जास्त काय सांगायचं? तारीख वैशाखात गेली. व्याही म्हणे एवढंच बोलले, "तिकडं औषध कुठलं मारत्यात, इचारा."

पुढे बर्फ निघालं, वारा पडला आणि एका सकाळी कांदा चिरताना गॅलीच्या गोल खिडकीतून बघितलं, तर कालचं काळंनिळं पाणी कोवळ्या हरभऱ्याच्या रंगाचं झालेलं. मी हातात सुरी तशीच घेऊन मॅडमकडे पळालो. वाटेत दोघं जण दचकून भिंतीला चिकटले. मॅडम समुद्राचं पाणी गाळलेला कागद उजेडाला धरून उभ्या होत्या. पालकाच्या पाण्यात बुडवल्यासारखा हिरवा.

"तुटला रे ताण," त्या म्हणाल्या. समुद्राचा की माझा, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी शिरा केला.

आता जहाज परतीला लागलंय. वैशाख अजून लांब आहे, तरी वाटेत वादळ लागलं तर, विमान चुकलं तर, हे चालूच आहे डोक्यात. बहिणीचा निरोप आलाय, "कान शिल्लक ठेवलाय."

एक गोष्ट मात्र पक्की ठरवली आहे. मॅडमनी बर्फातला बहर पाहिला, पण लिंबोणीचा कधी पाहिला नाही. भिंगारहून आमची बाग ती अशी कितीशी लांब! तरीही पाहिला नाही. म्हणून आण्णांनी ताण तोडल्यावर ज्या दिवशी पहिली कळी दिसेल, त्या दिवशी मी मॅडमना फोन करणार. बागेत खाट टाकणार, समोर बसवून गरम भाकरी वाढणार आणि फुलांच्या वासात त्यांना हवं तेवढं बसू देणार. तारीख आत्ता सांगता येत नाही. ती का सांगता येत नाही, हे त्यांना मी समजावायला नको.